टेंपो निघालाय

नरूभाईंना वाट बघताना ज्याने पाहिलं नाही, त्याला वाट बघणं म्हणजे काय ते कळलेलंच नाही, असं मी खुशाल म्हणेन. चिखल्याला त्यांची चिकूची वाडी आणि त्याच गावात माझा टेंपो. माणसं चिकू उतरवायला झाडांवर चढली की यांचा मला फोन यायचा, "वसंता, टेंपो पाठव. माल भरतोय." टेंपोचा मालक मी, ड्रायव्हर मी आणि क्लीनरही मीच. पण त्यांनी मला कधी 'ये' म्हटलं नाही. कायम 'पाठव'च म्हणायचे, जणू माझ्या दारात गाड्यांची रांग उभी होती. फोन ठेवला की वाडीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, एक रिकामा क्रेट पालथा घालायचे आणि त्यावर ताठ बसायचे. पेपर वाचायचा नाही, कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत, नजर रस्त्याच्या वळणावर. मी तिथे वळलो की हात वर व्हायचा, तो टेंपो थांबेपर्यंत खाली यायचा नाही.

एकदा तलासरीला भाजी उतरवून परत येताना टेंपोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. फोनला रेंज नव्हती. मेकॅनिक शोधून, पाटा बदलून चिखल्याला पोचेपर्यंत दिवस मावळला. मला वाटलं, माल वाडीत ओढून घेऊन सगळे घरी गेले असतील. माणसं गेलीच होती. नरूभाई मात्र क्रेटवर बसलेले, तसेच ताठ.

"घरी जायचं ने, नरूभाई. मी आलो असतो घरी."

"तू येतो बोललास. मी उठून गेलो आणि तेवढ्यात तू आलास तर?" आणि मग नेहमीचं वाक्य, "वाट बघणं पण कामच आहे, वसंता. ते पण नीट करायला लागतं."

कुसुमवहिनी होत्या तोवर या स्वभावाची चेष्टा करायला घरात माणूस होतं. "लग्नात पण असेच मांडवात बसलेले, मुहूर्त टळला तरी उठायला तयार नाहीत," असं त्या सांगायच्या. त्या गेल्या आणि घर एकदम गप्प झालं. मुलगा निखिल मेक्सिकोत, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. तो आला, वडिलांची कागदपत्रं केली, वाडी ठेक्याने दिली, घराला कुलूप लावलं आणि त्यांना घेऊन गेला. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून नरूभाई म्हणाले, "अधूनमधून दार उघड. घर कोंदटतं." दोघांचे डोळे भरले होते, पण आम्ही दोघंही टेंपोच्या टायरकडे बघत उभे राहिलो.

तिथून रोज व्हिडिओवर फोन. आमच्याकडे दिवेलागण व्हायची तेव्हा त्यांच्याकडे सकाळ असायची. फोन लावायचा तर मला, हा त्यांचा नियम. निखिल कामावर गेला की तो देश कसा चालतो याचा सगळा वृत्तांत मला मिळायचा. नळाचं पाणी प्यायचं नाही, प्यायच्या पाण्याचा मोठा जार माणूस खांद्यावरून आणून देतो. गॅसवाला गल्लीत लांब हेल काढून ओरडतो, "आपला घोलवडचा मासेवाला बरा त्याच्यापेक्षा." विड्याची पानं नाहीत, केळीचं पान मिळतं पण त्यात ते लोक मक्याचं पीठ बांधून उकडतात. "पानग्यासारखंच रे. फक्त आत मटण."

पहिल्याच आठवड्यात गल्लीत घंटा वाजत येताना ऐकली. मागून लोक घराबाहेर येत होते. नरूभाईंना वाटलं, पालखी आली. त्यांनी लगबगीने उदबत्ती लावली, वाटीत हळदकुंकू घेतलं आणि दारात हात जोडून उभे राहिले. घंटा जवळ आली, तिच्यामागे कचऱ्याची गाडी. तिकडे घंटा ऐकली की आपापला कचरा घेऊन बाहेर यायचं असतं. समोरच्या घरातली लुपेबाई, त्यांच्याच वयाची, पोट धरून हसली. पण दुसऱ्या दिवसापासून घंटा वाजायच्या आधी ती यांचं दार ठोठावायची आणि कचऱ्याची पिशवी दाखवायची. तिला मराठी येत नव्हतं, यांना तिची भाषा येत नव्हती. "काही अडत नाही," नरूभाई म्हणाले. "ती तिचं बोलते, मी माझं बोलतो. दोघांचं समाधान होतं."

बाजारात त्यांना चिकू दिसला तेव्हा फोनवर आवाज चढला होता. उचलला, सवयीने नख मारून आत हिरवं आहे का बघितलं, तर विकणारा अंगावर आला. "नख लावल्याशिवाय चिकू कळतो काय रे? त्याच्या बापाने वाडी केली होती काय?" निखिलने सांगितलं की चिकूचं झाड मुळात त्याच देशातलं, तिथूनच जगभर गेलं. यावर नरूभाई म्हणाले, "म्हणजे हे त्याचं माहेर. आपल्याकडे येऊन बघ कसं लागलं. पण ते लहानपणी आलं, वसंता. मोठं झाड उपटून लावलं तर लागत नाही." मी पावसाचं विचारलं.

मग एक दिवस मी डहाणूहून घरी येऊन हातपाय धूत होतो, तेव्हा फोन आला. "वसंता, टेंपो पाठव. माल भरून ठेवलाय."

मी हसलो. "कुठे पाठवू? समुद्रातून आणू काय?"

"चेष्टा नको. ऊन चढतंय."

आवाजात चेष्टा नव्हती. मी फोन फिरवून आजूबाजूचं दाखवायला सांगितलं. विजेच्या तारा दिसल्या, एक पिवळी भिंत दिसली, तव्यावर काहीतरी परतणारी बाई दिसली. सायवनकडचा कुठलाही पाडा सांगा, मी डोळे मिटून टेंपो नेईन. पण ती भिंत पृथ्वीच्या कुठल्या रस्त्यावर आहे हे मला कळेना. सुचलं ते बोललो. "नरूभाई, बसल्या जागेवरून हलू नका. टेंपो निघालाय."

"बरं," ते म्हणाले, आणि सुटकेचा श्वास मला इथे ऐकू आला.

मी निखिलला फोन केला. त्याने वडिलांचा फोन कुठे आहे ते शोधलं आणि तिथे गेला. एका भाजीच्या दुकानाबाहेर पालथ्या क्रेटवर ते बसले होते. "वसंताकाकांनी पाठवलंय," असं म्हटल्यावर उठले. नंतर असं अनेकदा झालं. दाराला कडी लावली तरी ते निसटायचे. सांभाळायला ठेवलेली बाई टिकायची नाही. निखिल काकुळतीला येऊन म्हणायचा, "काका, माझं ऐकत नाहीत. तुम्ही सांगितलं की बसतात तरी." मी सांगायचो. हलू नका, टेंपो निघालाय. ते बसायचे आणि सापडायचे. एवढं तरी आपल्या हातात आहे, असं मला वाटायचं.

शेवटी निखिलनेच ठरवलं. "त्यांना घरी आणतो, काका. जे काय व्हायचं ते आपल्या माणसांत होऊ दे." आम्ही सगळे कामाला लागलो. माझ्या बायकोने घर सारवल्यासारखं धुऊन काढलं, गाद्या उन्हात घातल्या. गंजाडची एक शांत स्वभावाची बाई दिवसरात्र राहायला तयार झाली. वाडीच्या तोंडाशी मी एक नवा क्रेटही नेऊन ठेवला.

निघायच्या दिवशी विमानतळावरून निखिलचा फोन आला. त्याचा आवाज फुटत होता. विमानात चढायची वेळ झाली आणि नरूभाई खुर्चीवरून उठत नाहीत. "हलू नको म्हणून सांगितलंय मला," एवढंच म्हणतात. हात धरला की ओरडतात, लोक जमतात. माझं नाव घेऊन झालं, उपयोग झाला नाही. मी व्हिडिओवर आलो. "नरूभाई, उठा. मीच सांगतोय. निखिलबरोबर जा, ती आपलीच गाडी आहे."

"टेंपो कुठाय? दाखव."

मला वाटलं, दाखवला तर पटेल. मी धावत अंगणात गेलो आणि फोन टेंपोसमोर धरला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. ओळखला. चेहरा निवळला.

"अरे, हा तर अजून तुझ्या दारातच उभा आहे," ते म्हणाले. "बरं, ये सावकाश. मी बसलोय इथे."

विमान गेलं. पाठोपाठ डॉक्टरांनी सांगितलं की आता असा प्रवास करू नका, घाबरून काहीतरी होईल. ती बाई गंजाडला परत गेली. आम्ही गाद्या गुंडाळल्या. मी पुन्हा कुलूप लावलं, तेव्हा किल्ली फिरवताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

आता ते घराबाहेर जात नाहीत. लुपेबाईच्या घरासमोर, आपल्या दारात, खुर्चीवर बसून असतात. ती सूप आणून भरवते. मला ते फोन करत नाहीत, फोन कसा करायचा तेच राहिलेलं नाही. गेल्या महिन्यात निखिलने फोन लावून त्यांच्यासमोर धरला. केस पांढरे झाले होते, बसणं तेवढं तसंच ताठ. मी म्हटलं, "नरूभाई, टेंपो आला. उठा आता, घरी जाऊ."

त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं सभ्यपणे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला अहोजाहो केलं.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "माझा वसंता येणार आहे."