शेवटच्या धुनेला वन्स मोअर

आमच्या मिशिगनमधल्या गावच्या जुन्या थिएटरातला, भिंतीआडच्या नळ्यांतून वाजणारा पाइप ऑर्गन परवा शेवटचा वाजला. इमारत पाडणार आहेत आणि एवढं धूड ठेवायला कुणाकडेच जागा नाही. आम्ही म्हाताऱ्या व्हॉलंटियर्सनी चर्च, शाळा, सगळीकडे विचारून पाहिलं.

लग्न होऊन इथं आले तेव्हा ऑर्गन म्हणजे संगीत नाटकातला, एवढंच मला ठाऊक. पहिल्यांदा ऐकायला गेलो तेव्हा नवऱ्याला तोऱ्यात विचारलं, "साथीला तबला नाही?"

"अगं, आख्खी भिंत वाजतेय, तबला कसला मागतेस!"

पुण्याची दीडशहाणी मी! पण त्या भिंतीच्या प्रेमात पडले ती कायमची.

परवा शेवटची धून संपली आणि नाटकाच्या जुन्या सवयीनं माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "वन्स मोअर!"

"आजी, प्लीज! एव्हरीबडी इज लुकिंग," नात कुजबुजली.

वादक हसला आणि पुन्हा बसला. पण नळ्यांत हवा भरणारा तळघरातला पंखा तोवर कुणीतरी बंद केला होता. त्यानं बोटं दाबली, तर पट्ट्यांची नुसती टकटक झाली.

पंखा परत लावा, असं कुणीच म्हणालं नाही. मीही नाही.