पंख्यामागची राख

यंत्राजवळ गेले की शेषराव आधी हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवत आणि बेअरिंगवर तळहात टेकून उभे राहत. मी थरथर मोजायचा मीटर लावून आकडा सांगेपर्यंत त्यांचा अंदाज झालेला असे. जालन्यातल्या सळयांच्या कारखान्यात मी नवी इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा केदारखेड्याचे शेषराव तिथले सगळ्यात जुने फिटर होते. फिरत्या यंत्रांचं बॅलन्सिंग त्यांच्याकडे असे.

“थरथर म्हंजी ताप, मॅडम,” ते म्हणत. “गोळी देऊन उतरवू नका. कशानं आला ते बघा.”

भट्टीचा धूर ओढणारा पंखा माणसापेक्षा उंच होता. एका बाजूला थोडं वजन जास्त झालं, तरी पूर्ण वेगात तो बेअरिंग खाऊन टाकी. एकदा तो फारच हादरू लागला. पाती साफ करायला सांगून शेषरावांनी हलक्या बाजूला लोखंडाचा तुकडा वेल्ड केला. पंखा शांत झाला. नोंदवहीतल्या ‘आतून तपासले’ या रकान्यात त्यांनी सही केली, त्याखाली मी केली. आत वाकून दोघांपैकी कोणीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीच्या हळदीतून त्यांचा फोन आला.

“मॅडम, पंखा बंद करा.”

“आकडा तर चांगला आहे.”

“आज हाय. पण पात्यांच्या मागं राख राह्यली असंल, तर आपण राखेसगट बॅलन्स केलाय. ती गळाली की आपलाच तुकडा जड पडंल. मी निघून राह्यलो.”

मी मॅनेजरांना सांगितलं. भट्टी भरलेली होती, पंखा थांबवला तर काम थांबणार होतं. त्यांनी मीटर पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. मी हट्ट धरला नाही.

तासाभरात शेषराव मोटारसायकलवरून आले. सदऱ्यावर हळदीचे हात तसेच होते. ते सरळ मॅनेजरांसमोर गेले.

“साहेब, चूक माझी हाय. न बघता सही केली. भट्टी जल्दी रिकामी करा. तवर पंख्याकडं कुणाला जाऊ देत न्हाई मी.”

आणि खरंच ते तिथे वाट अडवून उभे राहिले. दुपारी पंखा थांबवून झाकण उघडलं. पात्यांच्या मागे राखेचा जाड थर होता. एक ढेकूळ गळून पडलेलं होतं, दुसरं बोट लावताच सुटलं. सगळं खरवडून, कालचा तुकडा कापून त्यांनी नव्याने बॅलन्सिंग केलं. हळद केव्हाच आटोपली होती.

मॅनेजरांनी त्यांना ताकीदपत्र दिलं. इतक्या वर्षांतलं पहिलंच. त्यांनी ते वाचून सही केली. मी त्याच खोलीत उभी होते. माझीही सही होती, हे मी बोलले नाही.

शेषराव गेल्या वर्षी वारले. त्याआधी, त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी, चहा पिताना मी तो विषय काढला.

“तुम्हाला तेव्हा वाईट वाटलं का?”

“वाटलं की. खोटं कशाला बोलू? चार दिवस तुमच्याशी बोलूच वाटंना.”

“मग?”

“मंग पुढच्या बॅलन्सिंगला तुम्ही बॅटरी घेऊन सोता आत शिरल्या. भाईर आल्या तर तोंड सगळं काळं. मी म्हणलं, बराबर. झालं आता.”