वाळवंटात जावं की न जावं

नव्वद साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या बिल्डिंगला नळ होते, पाणी नव्हतं; ते टँकरने यायचं. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. एक दिवस कॉलेजातल्या मैत्रिणीचं पत्र आलं. राजस्थानात, वाळवंटात पाच दिवसांचा कलामेळा भरतोय, तंबूत राहायचं, वाळूवरच काम करायचं. तूही ये, महिनाअखेरपर्यंत कळव.

लग्नानंतर मी एकटी कुठेच गेले नव्हते. नवरा म्हणाला, "जा की. पण टँकरचं काय करायचं?"

समोरच्या फ्लॅटमधली भाभी बिकानेरकडची. तिला मात्र माझ्यापेक्षा जास्त उत्साह. "जाओ दीदी. सुबह रेत बरफ जैसी ठंडी होती है, मेरी शाल ले जाना." रोज संध्याकाळी ती मला तिकडचं काहीबाही सांगायची आणि माझं मन जायच्या बाजूला झुकायचं. सकाळी पुन्हा धीर सुटायचा.

त्या आठवड्यात शाळेमुळे माझे दोन टँकर चुकले होते. शनिवारी मी वेळेवर पोचले. पाइप माझ्या पिंपात होता, पिंप अर्धंही भरलं नव्हतं. भाभीने पाइप ओढला आणि स्वतःच्या हंड्यात घातला. "मेरे घर में बुखार है," ती ओरडली. मी पाइप परत खेचला. तिने माझ्या हाताला नखं रुतवली. मी पितळी कळशी काठाला धरून उचलली आणि तिच्या डोक्यात घातली.

एकदा नाही, दोनदा. पहिल्या फटक्याला ती वाकली होती, तरी मी दुसरा मारला. खरं सांगायचं तर तेव्हा मला हलकं वाटलं. मग तिच्या भांगातून रक्त आलं, कपाळावरून ओघळून हंड्यातल्या पाण्यात पडलं, आणि रांगेतली मागची बाई तरीही पाइपसाठी ढकलतच राहिली.

सात टाके पडले. दुपारी तिचा नवरा सळई घेऊन आमच्या दारावर आला. दाराची फळी फुटली. माझा नवरा मध्ये पडला, तर त्याच्या खांद्यावर सळई बसली. हाड मोडल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. चौकीत दोघांनाही दम मिळाला. दोन्ही नवऱ्यांनी सह्या केल्या, तक्रार मिटली.

आता सगळेच म्हणायला लागले, जा. सासूबाई म्हणाल्या, "मी बघते याचं. तू आठवडाभर जाऊन ये, तोवर इथलं निवळेल." गळ्यात हात अडकवून बसलेला नवराही म्हणाला, "जा तू."

इतके दिवस मला हेच ऐकायचं होतं. पण बॅग काढली आणि लक्षात आलं, मला वाळू बघायची नव्हती, भाभीचं तोंड चुकवायचं होतं. मी पोस्टकार्डावर दोन ओळी लिहिल्या: जमत नाही, राग मानू नकोस. बस.

मेळा सुरू झाला त्या दिवशी मी टँकरवरून एक हंडा भरून तिच्या दारात ठेवला. तिने दार उघडलं, हंड्याला लाथ मारली. हंडा दोन जिने गडगडत गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने हंडा उचलून माझ्या अंगावर ओतला. तिच्या डोक्याला अजून पट्टी होती. "तेरे हाथ का पानी मेरे बच्चे नहीं पिएँगे," ती म्हणाली. मी ओल्या साडीने खाली गेले, परत भरून आणला. चौथ्या दिवशी ठेवलेला हंडा दुपारी दारात नव्हता. संध्याकाळी तो रिकामा, उपडा आमच्या उंबऱ्याशी होता. ती बोलली मात्र नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भाभीकडचे जवळच्याच सिल्व्हर पार्कला राहायला गेले. सामान उतरत होतं तेव्हा मी दारात उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं, पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि जिना उतरली.