शमीमआपांची तीन पानं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या गटात नाही, घरी नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण वगैरे काही नाही. सांगतेय.

मी पत्रकं लिहिते. वर ‘जबाब द्या!’ असा मथळा, खाली मुद्दे, आणि उद्गारचिन्हं हवी तेवढी. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका शाळेत मुलींच्या संडासाला दार नव्हतं. दारच नव्हतं, कळतंय ना? सातवीतल्या मुली दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. मी चिडले. चिडणं हे माझं कामच आहे, आणि ते मला बरं जमतं.

माहिती अधिकारात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांची इतिवृत्तं मागवली. पेनड्राइव्हवर एक पीडीएफ मिळाली, तीनशेवर पानांची. एवढं वाचणार कोण? कॉलेजात थोडं कोडिंग शिकले होते. छोटासा प्रोग्रॅम लिहिला — संडास, शौचालय, टॉयलेट, स्वच्छतागृह, बाथरूम, यातलं काहीही दिसलं की ती ओळ आणि बोलणाऱ्याचं नाव काढून दे. एकही शब्द सुटू नये म्हणून केवढी काळजी घेतली होती! दहा सेकंदांत उत्तर: मुख्याध्यापक चार वेळा, एक शिक्षिका दोनदा. पालक सदस्य — शून्य.

शून्य! पत्रकवाल्या माणसाला याहून गोड शब्द नाही.

समितीत आयांच्या वतीने एकच बाई टिकून होत्या, शमीमआपा. मार्केट यार्डातल्या मसाल्याच्या गाळ्यांना कापडी पिशव्या शिवून द्यायच्या. धाकटी मुलगी त्याच शाळेत. मी त्यांचं नाव घालून छापलं — ‘आयांनी निवडून दिलेल्या सदस्य तीन वर्षांत या विषयावर एकदाही बोलल्या नाहीत. मग बैठकीला जातात कशाला, चहाला?’

त्या माझ्याकडे आल्या. भांडायला नव्हे. “बेटा, मी बोलले होते ना. तीन वेळा. बाईंनी लिहून घेतलं, खाली माझी सहीपण घेतली.” मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवून दाखवला. शून्य. त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. “यात नाही म्हणजे... घरीच बोलले असेन मग,” म्हणाल्या.

एखाद्या बाईचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडवायला किती वेळ लागतो? मला दहा सेकंद पुरले.

पुढच्या पालकसभेत समितीची निवड होती. आपांच्या नावाला हात वर झाले नाहीत. मागून कुणीतरी विचारलं, “काय आपा, चहात साखर बरोबर असते ना तिथे?” सगळ्या हसल्या. मीही तिथेच होते. हसले का? — हो. थोडंसं.

संडासाला दार बसलं. नवे नळ आले. हे मी माझ्या बाजूने सांगत नाहीये. म्हणजे बघा, सांगूनही टाकलं.

काही महिन्यांनी खडकीत आमच्या कार्यकर्त्यांचं शिबिर होतं. सरकारी कागदांत हवी ती गोष्ट कॉम्प्युटरने कशी शोधायची, हा विषय, शिकवणारी मी. सकाळी तयारी करताना तीच फाइल उघडली. एका पानावरची ओळ कॉपी करायला माउस ओढला — ओळ धरलीच जाईना. ते पान म्हणजे फोटो होता. हाताने लिहिलेल्या वहीचा. टाइप केलेली पानं प्रोग्रॅमने वाचली होती. वहीची पानं त्याच्या लेखी कोरी. आणि कोरं पान आलं तर तो कुरकुर करत नाही, मुकाट पुढे जातो. मी एकदा तरी फाइल डोळ्यांनी चाळायला नको होती?

मग चाळली. आपा तीन ठिकाणी सापडल्या. ‘श्रीमती शमीम यांनी मुलींच्या संडासाला दार बसवण्याचा मुद्दा मांडला.’ पुढे, ‘पुन्हा मांडला.’ तिसऱ्यांदा लिहिणारीच वैतागलेली — ‘शमीमबाई याच विषयावर बोलत राहिल्याने बैठक लांबली.’ प्रत्येक पानाखाली मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरांत सही.

मी फाइल बंद केली आणि शिबिरात दुसरी उघडून शिकवलं.

इथवर भ्याडपणा म्हणा. पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं, आणि मघापासून मी त्याच्याभोवतीच फिरतेय.

पंधरा दिवसांनी आपा यार्डात भेटल्या. पिशव्यांचा गठ्ठा खाली ठेवून त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली. मग अडखळत म्हणाल्या, “बेटा, ते एकदा परत बघशील का? धाकटी सारखी विचारते — अम्मी, तू खरंच काही बोलली नव्हतीस? तिला काय सांगू, कळत नाही.”

लॅपटॉप माझ्या पाठीवर होता. ती तीन पानं त्यात होती. काढून दाखवायला असा कितीसा वेळ लागला असता?

“परत बघितलं, आपा,” मी म्हणाले. “नाहीये.”

त्यांनी मान हलवली. “बरं. मग तसंच सांगते तिला.” गठ्ठा उचलला आणि गाळ्यांकडे गेल्या.

पत्रक छापलं तेव्हा मला माहीत नव्हतं. यार्डात बोलले तेव्हा माहीत होतं. त्या मुलीला तिच्या आईबद्दल जे सांगितलं गेलं, ते वाक्य माझं आहे.