एकट्या बाईला खोली

सेलेस्टिन बोर्जिस आमच्या ऑफिसात सगळ्यात मागच्या टेबलावर बसायच्या. भाईंदर पश्चिमेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचा गाळा होता. पुढे रेल्वेची तिकिटं, मध्ये चारधाम आणि केरळच्या सहली आणि मागे सेलेस्टिनबाई. ज्यांना ग्रुपबरोबर जायचं नसायचं, त्यांना कुठे राहायचं ते सांगणं हे त्यांचं काम.

मी तिथे लागले ते दोन हजार तीन साली. तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या होत्या. लग्न केलं नव्हतं. उत्तनला भावाच्या घरात त्यांची एक खोली होती आणि त्या रोज बसने यायच्या. भाऊ कॅजिटन मासेमारी करायचा. "पैसे देऊन दुसऱ्याच्या घरात झोपायला इतक्या लांब जाते ही," असं तो म्हणतो, हे त्या स्वतःच हसत सांगायच्या. कारण वर्षाची सगळी रजा त्या एकदम घ्यायच्या आणि देशाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन राहून यायच्या. तमिळनाडूत कराईकुडीजवळचं सागाच्या खांबांचं जुनं व्यापारी घर, आसामात माजुलीतल्या बांबूच्या खोल्या, कच्छमधल्या भिंतीत आरसे बसवलेल्या गोल मातीच्या झोपड्या. परत आल्या की प्रत्येक जागेचं एक कार्ड लिहायच्या. त्या कार्डांवर कौतुक कमी आणि माहिती जास्त असायची. 'जिना अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर खालची खोली मागा.' 'मोर पहाटेच ओरडायला लागतात.' 'मालकीणबाई स्वतः वाढतात, ज्यांना घाई आहे त्यांनी जाऊ नये.' आणि प्रत्येक कार्डाच्या शेवटी एक ओळ असायचीच, एकट्या बाईला खोली देतात की नाही याची.

गिऱ्हाइकांचं मात्र वेगळंच होतं. गोडदेवचं एक जोडपं आलं होतं, ते मला अजून आठवतं. "मॅडम, काहीतरी हटके सांगा ना. सगळे जातात तसं नको." सेलेस्टिनबाईंनी पाऊण तास त्यांना कराईकुडीचं घर समजावलं. केळीच्या पानावर जेवण, चौकात पडणारं ऊन, म्हाताऱ्या आचाऱ्याचे हात. नवरा शांतपणे ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "स्विमिंग पूल आहे का?"

"नाही."

"टीव्ही?"

"खाली दिवाणखान्यात आहे. एकच."

त्यांनी उटीचं एक नेहमीचं हॉटेल घेतलं. ते गेल्यावर सेलेस्टिनबाईंनी कार्ड खोक्यात ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हटके पायजे, पन घरच्यासारखा पायजे. काय करू गं बाय मी?" ऑफिसात त्या आमच्यासारखंच मराठी बोलायच्या. चिडल्या की उत्तनचं यायचं.

असं आठवड्यातून दोन-तीनदा व्हायचं. त्या हार मानत नव्हत्या, उलट जास्त तयारी करायच्या. आमच्याकडे जैन मंडळी खूप यायची. कांदा-लसूण न घालता कोण जेवण करून देईल हे विचारायला त्यांनी दहा-बारा ठिकाणी पत्रं लिहिली आणि उत्तरं कार्डांवर उतरवली. त्यातून वर्षाला पाच-सहा कुटुंबं खरोखर जायची. परत आली की त्यांना भेटायला यायची. तेवढ्यावर त्या वर्ष काढायच्या.

दोन हजार सहा साली आमचे मालक परागसर एक दिवस त्यांच्या टेबलाशी आले. लोक आता इंटरनेटवर बुकिंग करायला लागले होते आणि सरांना त्याची धास्ती होती. ते म्हणाले, "सेलेस्टिन, आपण पुस्तक काढू या. भारतातल्या पन्नास आगळ्यावेगळ्या जागा. रंगीत. तुम्ही लिहायचं, तुमचंच नाव टाकू."

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. लगेच कार्डं काढून बसल्या. चार महिने त्या लिहीत होत्या आणि मी कॉम्प्युटरवर टाइप करत होते. एका जागेवर एक पान. ती शेवटची ओळ प्रत्येक पानावर होती. पन्नासपैकी एकोणीस ठिकाणी उत्तर 'नाही' असं होतं.

पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर हवेली, आत नाव: सेलेस्टिन बोर्जिस. त्यांनी उभ्यानेच पानं उलटली, मग खाली बसल्या. जिन्याचं काढलं होतं, मोरांचं काढलं होतं. ज्यांनी जाहिरात दिली अशी आठ हॉटेलं त्यांच्या जागांऐवजी घुसली होती, त्यांतली चार त्यांनी पाहिलीही नव्हती. आणि ती शेवटची ओळ एकाही पानावर नव्हती.

त्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

"सर, ती ओळ कुठे गेली?"

"अहो, पुस्तक लोकांना जावंसं वाटावं म्हणून आहे. 'देत नाहीत' असं छापलं तर हॉटेलवाला मला फोन करेल."

"आणि जी बाई जाईल, ती कोणाला करेल?"

परागसर वाईट माणूस नव्हते. सहा जणांचे पगार त्यांच्या डोक्यावर होते. ते म्हणाले, "दुसऱ्या आवृत्तीत बघू."

फोन आला नाही, बाईच आली. पुढच्या जानेवारीत एका दुपारी नीलम सामंत नावाच्या बाई ऑफिसात शिरल्या. मीरा रोडच्या एका शाळेत गणित शिकवायच्या, चाळिशीच्या असतील. हातात आमचं पुस्तक होतं.

"यातल्या सेलेस्टिन बोर्जिस कोण?"

मागच्या टेबलावरून बाई उठल्या.

नीलमबाईंनी सगळं उभ्यानेच सांगितलं. राजस्थानातल्या एका हवेलीचं पान त्यांना आवडलं. फोन करून खोली राखून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा एकट्या निघाल्या. दुपारी पोचल्यावर काउंटरवरच्या माणसाने त्यांच्या पाठीमागे बघितलं आणि विचारलं, "साहब पीछे आ रहे हैं?" एकटीच आहे म्हटल्यावर त्याने रजिस्टर मिटलं. "अकेली लेडीज को नहीं देते. मालिक का रूल है." बाजूच्या सोफ्यावर बसलेलं एक कुटुंब त्यांच्याकडे टक लावून बघत होतं.

"काय चुकलं होतं माझं?" नीलमबाईंचा आवाज चढला होता. "मी तुमचं नाव वाचून गेले. बाईने लिहिलंय, म्हणजे तिने बघितलं असेल, असं मला वाटलं."

सेलेस्टिनबाईंनी खोकं उघडलं, कार्ड शोधलं आणि त्यांच्या हातात दिलं. शेवटची ओळ होती: 'एकट्या बाईला देत नाहीत. का म्हणून विचारलं तर हसतात.'

नीलमबाईंनी ती दोनदा वाचली. "मग हे छापलं का नाही?"

परागसर बाहेर आले होते. "मॅडम, जागेची अडचण होती."

"एका ओळीची?"

मग सेलेस्टिनबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि जे मला चार वर्षांत कधी सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. तिशीत असताना त्या मदुराईला गेल्या होत्या. खिशात खोली राखून ठेवल्याचं पत्र होतं. तीन लॉजवाल्यांनी त्यांना परत पाठवलं, एकाने तर पोलिसांचं नाव काढलं. शेवटी एका कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आत घेतलं. "देऊळ बघायला गेलेले. बघितलं न्हाय. सकाळची पैली गाडी धरून परत आले," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून मी पैला हेच विचारते."

दुसरी आवृत्ती दोन हजार आठमध्ये आली. परागसरांनी शब्द पाळला, पण आपल्या पद्धतीने. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात गुलाबी फूल छापलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'महिलांसाठी सुरक्षित'. पन्नासच्या पन्नास पानांवर. राजस्थानच्या त्या हवेलीवरसुद्धा.

"डिझायनरने सगळीकडे टाकलं," सर म्हणाले. "वाईट तर नाही ना दिसत?"

सेलेस्टिनबाईंनी पुस्तक मिटलं. माझ्या टेबलाशी येऊन कागद मागितला आणि तिथेच राजीनामा लिहिला. त्यात एकच मागणी होती, 'पुस्तकातून माझं नाव काढा.' तिसऱ्या आवृत्तीत ते निघालं. तिथे परागसरांचं नाव आलं आणि पुस्तक आधीपेक्षा जास्त खपलं.

बाई आता घरीच असतात. उत्तनच्या चर्चच्या ऑफिसात सकाळी थोडं काम करतात आणि दुपारी फोन घेऊन बसतात. पन्नासही ठिकाणी त्यांनी स्वतः फोन केले. कोणी धड सांगत नाही, कोणी मॅनेजरला देतो म्हणून ठेवून देतो, कोणी विचारतो की बाई कशासाठी येणार आहे. त्या पुन्हा लावतात. खात्रीच्या जागांचा एक कागद त्यांनी केला, त्याच्या झेरॉक्स माझ्याकडे दिल्या. कोणी एकटी बाई आली की मी तो तिच्या तिकिटाच्या पाकिटात घालते. नीलमबाईंनी पहिला नेला. त्या माजुलीला जाऊन आल्या.

परागसरांच्या हे लक्षात आलं. रागावले नाहीत. म्हणाले, "चांगलं आहे की. बाईंना विचार, छापू या का?"

मी रविवारी उत्तनला गेले आणि विचारलं. सेलेस्टिनबाई ओट्यावर बोंबील साफ करत होत्या.

"छापू नको म्हनावं. कच्छचा मालक बदलला. नवीन मानूस काल फोनवर सांगतो, फॅमिलीच घेतो. दोन वर्षं जुना मालक चांगला होता." त्यांनी हात धुतले, माझ्याकडचा कागद घेतला आणि कच्छवर रेघ मारली. रेघ इतकी दाबून मारली की कागद फाटला. "हे दर तीन महिन्यांनी करायचं, मृणाल. किती वर्षं करू? मी मेले की कोण विचारेल यांना?"

त्यांनी फाटलेला कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि पहिल्यापासून जागांची नावं लिहायला बसल्या.