गंगा खाली काढलेला नकाशा

नलूवन्सं गेल्या त्या सकाळी मी तांदूळ निवडत होते. यांचा इस्पितळातून फोन आला, "ताई गेली." मी निवडतच राहिले... ताट संपेपर्यंत. रडू आलं नाही. राग आला तो नंतर, शोकसभेत, आणि दीड महिना झाला तरी तो उतरलेला नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून वहीत लिहिते आहे.

नलूवन्सं माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. मी वाईजवळच्या खेड्यातून लग्न होऊन काशीला ब्रह्मा घाटावर आले आणि पहिल्याच आठवड्यात गल्ल्यांमध्ये चुकले. दूध आणायला गेलेल्या मला दुपारी एका पानवाल्याने घरी आणून सोडलं. सासूबाई म्हणाल्या, "हिला दाराशी बांधून ठेवा." संध्याकाळी वन्संनी शहराचा छापील नकाशा माझ्यापुढे पसरला. मला काहीच उमजेना. "बरं, गंगा कुठे आहे ते दाखव," त्या म्हणाल्या. मी कागदाकडे न बघता हात खाली केला, घाटाच्या पायऱ्यांकडे. त्या हसल्या. "खरंच की गं. गंगेला आपण उतरून जातो. मग तुझ्यासाठी ती खालीच काढू." जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी नवा नकाशा काढला. खाली गंगा, वर बाजार, मधे पिंपळ, पिठाची गिरणी, निसरडी पायरी. "आता आपलं घर?" मी बोट ठेवलं. बोटाला स्वयंपाकातली हळद होती, ठिपका उमटला. मी ओशाळले. "असू दे. घर सापडलं ना?"

निवृत्त झाल्यावर तोच नकाशा त्यांनी मोठ्या कागदावर शाईने काढून आमच्या मराठी धर्मशाळेला दिला, गावाकडून येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांसाठी. भिंतही स्वतः निवडली. तिच्यासमोर उभं राहिलं की गंगा बरोबर पाठीशी येते. कागदावर वर ते समोर, खाली ते मागे. वाचता येत नाही त्यांनाही कळावं म्हणून धर्मशाळेच्या जागी नुसता पिवळा ठिपका, आणि तो माझ्याच हळदीच्या बोटाने उमटवून घेतला.

शोकसभा त्याच भिंतीपुढे झाली. धर्मशाळेचे चिटणीस उठले. "बहनजी थोर होत्या, पण वय कुणाला चुकलंय? हे बघा, पूर्वेची गंगाजी खाली! उत्तर वर असते हे पाचवीतलं पोर सांगेल. आयुष्यभर भूगोल शिकवला आणि शेवटी भूगोलच विसरल्या." लोक हसले. शोकसभेत हसले! हेसुद्धा मान खाली घालून हसले, सख्खा भाऊ. ज्या बाईने इतक्या मुलींना दिशा शिकवल्या, तिला उत्तर ठाऊक नव्हती? गंगा खाली का, ते मला एकटीला माहीत होतं. मी मागे बायकांत बसून पदराचं टोक पिळत राहिले.

महिन्याभरात तिथे काचेच्या चौकटीत छापील नकाशा लागला. मागच्या सोमवारी बाजारात नऊवारीतली एक म्हातारी भेटली. कोरडं लुगडं काखेत, डोळे भेदरलेले. "बाई गं, गंगा कुठं गेली? धर्मशाळेतल्या नकाशात उजवीकडं दावलीया. मी मघापासनं उजवीकडंच चाललेय." तिला घाटावर पोचवलं आणि भाजीची पिशवी घेऊन तशीच चिटणिसांपुढे उभी राहिले.

"वन्सं काही विसरल्या नव्हत्या," मी म्हणाले. "वाट चुकणारीसाठी काढला होता तो. मी चुकले होते म्हणून."

"अरे वा, वहिनी, आप बोलती भी हैं!" ते हसले. "कपाटामागे पडलाय, न्या घरी. तसाही डाग पडलाय त्याच्यावर, पिवळा."

"तो डाग नाही. माझं बोट आहे."

ते हसायचे थांबले. नकाशा मात्र परत लावला नाही.

आता तो आमच्या दारापुढच्या ओट्यावर आहे. भिंत मीच निवडली, गंगा पाठीशी येईल अशी. धर्मशाळेतल्या बायका नाक्यावर विचारत विचारत येतात, बघतात, आणि वळून सरळ पायऱ्या उतरतात. टांगण्याआधी मी स्वयंपाकघरात गेले, बोट हळदीत बुडवलं आणि आमच्या घरावर ठेवलं... विचारायला कुणी नव्हतं, तरी घर पहिल्याच बोटात सापडलं.