पाठ झालेले आकडे

अगं, जरा जवळ ये बघू. म्हणजे स्क्रीनच्या जवळ. बेंगळुरूत बसून मावशीचा कॉम्प्युटर दुरुस्त करतेस ते ठीक, पण तिच्याच फोटोला मिशा काढतेस? बाण आपला आपला फिरायला लागला की मी सावध होते. निवृत्त झाले तरी पोलीसच ना मी! असल्याच बाणाचं एक प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही. आता हात बाजूला घे, मला टाइप करू दे.

बेळगोळ गावच्या एका कारखान्यातल्या हेडक्लार्क बाई ठाण्यात आल्या. आपल्यासारख्याच, घरात मराठी बोलणाऱ्या. जेवून जागेवर येईपर्यंत त्यांच्या कॉम्प्युटरवरून त्यांचा राजीनामा साहेबांना गेला होता, आणि साहेबांनी तो मंजूरही केला होता.

"अक्का, सव्वीस वर्षांची नोकरी! मी डबा खात होते हो!"

तक्रार अर्ज घेतला, डायरीत नोंद केली. त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही. "बोगादी गावचा कॉम्प्युटर रिपेरीवाला घरून त्या हेडक्लार्क बाईंचा कॉम्प्युटर चालवतो. त्याला धरा."

धरला. तिशीचा गडी. विचारलं तर हसला. "बाण पळवला मेडम, पडद्यावर म्हशीचा फोटो लावला. सुम्ने तमाशेगे, उगीच गंमत. बाई पण हसायच्या. राजीनामा मात्र मी नाही पाठवला."

तो हसला तिथेच माझा संशय पक्का झाला. लॅपटॉप जप्त केला, रोज सकाळ-संध्याकाळ त्याला ठाण्यात हजेरी द्यायला लावली. गिऱ्हाइकं तुटायला लागली तसं त्याचं हसू गेलं, पण जबाब काही बदलेना. सांगेल तेव्हा तेच, तितकंच. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो, बघ.

म्हणून मी कारखान्यात गेले. बाईंना म्हटलं, "नेहमी लावता तसा त्याला फोन लावा."

लावला, आणि दुरून कॉम्प्युटर जोडायला लागतात ते आयडीचे नऊ आकडे नि पासवर्ड खणखणीत वाचून दाखवला. आधी कन्नडात, मग चुकायला नको म्हणून इंग्रजीत. पासवर्ड बदलला की बाई गोंधळतात, म्हणून रिपेरीवाल्याने तो कायमचा एकच करून दिलेला. माझी नजर शेजारच्या टेबलावरच्या असिस्टंटवर होती. डोळे फाइलीत, पण ओठ हलत होते. शेवटचे तीन आकडे बाईंच्या आधी त्याच्या ओठांवर आले.

"काय हो, पाठ आहेत?"

"अय्यो, रोज कानावर पडतं मेडम!"

त्याच्या कॉम्प्युटरवर बाईंच्या कॉम्प्युटरशी जोडल्याची नोंद सापडली. तीच दुपार, तीच जेवणाची सुट्टी. त्याला बाईंची खुर्ची हवी होती. ठाण्यात आलेला फोनही त्याचाच.

बाई कामावर परत आल्या. रिपेरीवाल्याचा लॅपटॉप मी स्वतः बोगादीला नेऊन दिला. त्याने घेतला, सही केली. हसला नाही. ते मला लागलं गं. गंमत केली म्हणून कबूल करणाऱ्याला मी धरलं, आणि नाव लपवून खबर देणाऱ्याला "तुला कसं कळलं?" एवढंही विचारलं नाही. त्यानंतर कुठलीही खबर आली की माझा पहिला प्रश्न तोच असायचा.

आता त्या मिशा पूस. आणि पुढच्या वेळी नुसता बाण पाठवू नकोस. तूच ये, लवकर.